टाका आहे, पोट कडक होतंय, दोनदा घरी परत पाठवलं. आता परत झालं तर जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाघोलीत राहणारी मुलगी, २८वा आठवडा चालू. मागच्या वेळी २३व्या आठवड्यात फारसं काही दुखलं नाही आणि बाळ गेलं. या वेळी १६व्या आठवड्यापासून सोनोग्राफीत पिशवीचं तोंड मोजत होते, ते आखूड व्हायला लागलं म्हणून टाका घातलाय, रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी खालून ठेवते. गेल्या महिन्याभरात दोनदा रात्री पोट कडक व्हायला लागलं म्हणून डेक्कनच्या बाजूच्या हॉस्पिटलला धावले आणि दोन्ही वेळा "काही नाही, घरी जा". दुसऱ्या वेळी ड्युटीवरची डॉक्टर जरा वैतागूनच म्हणाली, एवढं टेन्शन घेऊ नका हो. आता तिला विचारायचंय की परत असं झालं तर जायचं की नाही, दिवसभर झोपूनच राहायचं का, स्टेरॉइडची इंजेक्शनं आत्ताच घेऊन टाकावीत का, आणि आई बार्शीहून म्हणतेय की इकडेच ये आणि या वेळी डोहाळजेवण वगैरे काही करायचं नाही.

अगं, आधी जायचं की नाही तेवढं सांगते. जायचं. तिसऱ्यांदा वाटलं तर तिसऱ्यांदा, पाचव्यांदा वाटलं तर पाचव्यांदा. मी वीस-बावीस वर्षं पुण्यात हायरिस्क बाळंतपणंच बघतेय, आणि रात्री दोनला येऊन चारला घरी गेलेली बाई माझ्या डोळ्यांना कधीच खुपत नाही. घरी बसून सकाळची वाट बघितलेली बाई खुपते. त्या ड्युटीवरच्या पोरीचं मनावर घेऊ नकोस, ती बहुतेक आदल्या सकाळपासून उभी असेल, पण तिचं वैतागणं ही काही तुझी तपासणी नव्हे. "काही नाही" असं ऐकून परत येणं म्हणजे तुझा अंदाज चुकला असं नाही, तपासून खात्री करून घेतली एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणि आकडे तुझ्या बाजूचे आहेत. दिवस भरायच्या आधी कळा आहेत असं डॉक्टरांनी तपासून सांगितलेल्या बायकांमध्येसुद्धा पुढच्या सात दिवसांत बाळंत होणाऱ्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असतात, आणि त्यासाठी ॲडमिट केलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणी पूर्ण दिवस भरून बाळंत होतात. तुझ्यासारखा इतिहास आणि टाका असेल तर धोका सरासरीपेक्षा जास्त धरायचा हे खरं, पण पोट कडक झालं म्हणजे आता बाळ आलंच, असं गणित नाही.

आता पोट कडक होतं म्हणजे नक्की काय ते नीट समजून घे, कारण अर्धी भीती तिथेच आहे. गर्भपिशवी हा स्नायू आहे आणि तो अधूनमधून आवळतोच, अगदी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून. ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये हे लिहून ठेवलं म्हणून त्याचं नाव पडलंय, आपल्याकडे खोट्या कळा म्हणतात. संध्याकाळी जास्त जाणवतात, चालून आल्यावर, पाणी कमी पडलं की, आणि लघवी तुंबली की हमखास. नगर रोडला तासभर अडकून घरी आलीस, लघवीला जायला मिळालं नाही, बाटलीतलं पाणी संपलेलं, की पोट आवळणारच.

ओळखायचं कसं ते आमच्या जुन्या सिस्टर शिकाऊ मुलींना शिकवायच्या, ते तुलाही सांगते. डाव्या कुशीवर झोप, तळहात नको, बोटांची टोकं बेंबीच्या वर, पिशवीच्या माथ्यावर ठेव. पिशवी सैल असताना गालाला बोट लावल्यासारखं लागतं, आवळायला लागली की नाकाच्या शेंड्यासारखं आणि खरी कळ जोरात असताना कपाळासारखं, बोट आत जातच नाही. सगळं पोट एकसारखं कडक झालं पाहिजे. नुसती एका बाजूला टेकडी आली तर ते बाळाचं ढुंगण किंवा पाठ असते, बाळ कूस बदलतंय. कधी सुरू झालं, कधी सैल झालं ते मोबाईलमध्ये लिही. लघवीला जाऊन ये, दोन ग्लास पाणी पी, कुशीवर पडून राहा आणि एक तास बघ. तासात चार किंवा जास्त वेळा आलं, किंवा तास संपायच्या आतच अंतर कमी कमी होत गेलं तर निघायचं. ज्यांना काही इतिहास नाही त्यांना काही डॉक्टर सहापर्यंत थांबायला सांगतात, तुला टाका आहे म्हणून मी चार म्हणतेय, आणि तुझ्या डॉक्टरांनी तीन सांगितलं असेल तर तीन. त्यांच्याकडून हा आकडा पुढच्या व्हिजिटला फाईलवर लिहूनच घे. रात्री दोन वाजता घाबरलेल्या डोक्याने निर्णय घ्यायचा नसतो, तो दिवसा घेऊन ठेवायचा आणि रात्री फक्त पाळायचा. माझ्या पेशंटला मी एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

काही गोष्टींना मात्र तासभर थांबायचं नाही. खालून पाणी गेलं, लाल किंवा गुलाबी दिसलं, ताप आला, सतत दुखतंय आणि मधे सैलच पडत नाही, बाळाचं फिरणं कमी झालं, की सरळ निघायचं, फोन गाडीत बसून करायचा. आणि तुझ्यासाठी खास एक. मागच्या वेळी तुला दुखलं नव्हतं हे विसरू नकोस. पिशवीचं तोंड कमकुवत असतं तेव्हा ते बऱ्याचदा गुपचूप उघडतं, म्हणून दुखत नाहीये म्हणजे ठीक आहे हा हिशोब तुला लागू नाही. ओटीपोटात खाली काहीतरी दाब आल्यासारखं, जड जड वाटणं, मासिक पाळी येणार असल्यासारखी कंबर धरणं, अंगावरून जाणं एकदम वाढणं, पातळ होणं, शेंबडासारखं चिकट किंवा रक्ताची रेघ असलेलं जाणं, याला तू पोट कडक होण्याइतकंच महत्त्व द्यायचं.

आता अंगावरून जाण्याबद्दल एक सांगायलाच पाहिजे, कारण यावरून निम्म्या रात्री जागून काढणाऱ्या बायका मी बघितल्यात. प्रोजेस्टेरॉनची मऊ गोळी खालून ठेवली की ती विरघळते आणि सकाळी पांढरट, तेलकट असं बाहेर येतं, कधी कधी गोळीच्या आवरणाचा तुकडासुद्धा. औषध वाया गेलं असं नाही आणि पाणी गेलं असंही नाही. शंका आली तर स्वच्छ कोरडं पॅड लाव, अर्धा तास आडवी पड, मग उठून उभी राहा. पाणमोटीचं पाणी असेल तर बहुतेक वेळा उठल्यावर परत भसकन येतं किंवा पॅड भिजत राहतं, त्याला लघवीचा वास नसतो. पॅड फेकू नकोस, पिशवीत घालून घेऊन ये, आम्हाला बघायला उपयोग होतो. आणि तरी नक्की कळत नसेल तर ये, पाणी गेलंय का हे घरी ठरवायची गोष्टच नाही.

आल्यावर आम्ही काय बघतो ते माहीत असलं की निम्मा धसका जातो. पोटावर दोन पट्टे बांधतो, एक बाळाच्या ठोक्यांचा, एक पिशवी आवळते का त्याचा, वीस-तीस मिनिटं. मधे सिस्टर हातानेही बघते, कारण या महिन्यात मशीनचा कागद कधी कधी सपाट येतो आणि हाताला मात्र कळ लागते. लघवी तपासायला पाठवतो, आणि हे नुसतं सोपस्कार म्हणून नाही, लघवीचं इन्फेक्शन कधी कधी जळजळ न होता असतं आणि पोट आवळायचं कारण तेच निघतं, मग अँटिबायोटिकवर भागतं. मग खालून यंत्र लावून टाका कसा आहे, पाणी आहे का ते बघतो, आणि पिशवीच्या तोंडाची लांबी खालच्या सोनोग्राफीने मोजतो. लांबी ३० मिलिमीटरच्या वर असेल तर आम्ही बऱ्यापैकी निश्चिंत होतो, १५ च्या खाली असेल तर नाही. टाका असलेल्या बाईत हे आकडे तसेच्या तसे वापरता येत नाहीत, म्हणून तुझं मागचं माप काय होतं ते हाताशी पाहिजे. आम्हाला तू किती कळवळतेस यावरून नाही, तर तोंडात बदल झालाय का यावरून ठरवायचं असतं. म्हणूनच बाई हसत आली तरी कधी ॲडमिट होते आणि रडत आली तरी घरी जाते.

काउंटरवर गेल्या गेल्या एका वाक्यात सांगायचं, पाठ करून ठेव: "२८वा आठवडा, आधी २३ ला बाळ गेलंय, टाका आहे, तासात पाच वेळा पोट कडक झालं." टाका आहे हा शब्द पहिल्याच वाक्यात आला पाहिजे, कारण खऱ्या कळा सुरू झाल्या तर टाका काढावा लागतो, नाहीतर तो पिशवीच्या तोंडाला चिरत जातो. तुझ्या मिस्टरांनाही हे वाक्य पाठ करायला लाव. फाईलचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, त्यातही पहिली सोनोग्राफी, ब्लड ग्रुप, टाक्याची तारीख आणि सगळ्यात अलीकडचं माप हे चार कागद वर.

या टाक्याबद्दल मला नेहमी एक कौतुक वाटतं. जगभर पिशवीच्या तोंडाच्या टाक्याच्या एका प्रकाराला शिरोडकर टाका म्हणतात ते आपल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांच्या नावाने, मुंबईचे, मूळचे गोव्याकडचे, १९५५ मध्ये त्यांनी तो मांडला. त्यानंतर १९५७ मध्ये मॅक्डोनाल्डने जरा सोपा प्रकार आणला आणि आता बहुतेक ठिकाणी तोच घालतात, तुझाही बहुधा तोच असेल. पण सुरुवात इकडची.

आता स्टेरॉइड. जिममधल्या पोरांचं स्टेरॉइड ते हे नाही. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हाउई यांनी दाखवून दिलं की लवकर होणाऱ्या बाळाच्या आईला ही इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. २०२० मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात भारतातली हॉस्पिटलंही होती, त्यातही बाळं दगावायचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. आपल्याकडे दोन पद्धती, बीटामेथासोनची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने किंवा डेक्सामेथासोनची चार, दर १२ तासांनी. घाबरायचं कारण नाही, पण आत्ताच घेऊन टाकू हेही बरोबर नाही. या इंजेक्शनांचा सगळ्यात चांगला फायदा पहिल्या डोसनंतर २४ तासांपासून सात दिवसांपर्यंत मिळतो. आज घेतलीस आणि बाळंत झालीस ३५व्या आठवड्यात, तर त्याचा काही उपयोग नाही, आणि मधे खरी वेळ आली तर परत द्यायची का हा प्रश्न उभा. दुसरा कोर्स एकदा देता येतो, ऊठसूट नाही. म्हणून दोनदा घरी पाठवताना त्यांनी इंजेक्शन दिलं नाही हे हलगर्जीपणाने नव्हे, सांभाळून ठेवलंय असं समज. देतील तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेव, एक दोन दिवस बाळाचं फिरणं थोडं मंदावू शकतं, तरी फिरणं कमी वाटलं की कळवायचंच, आणि शुगर असेल तर ती वाढते.

कळा थांबवायच्या औषधांबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. निफेडिपिनच्या गोळ्या किंवा अटोसिबानची सलाईन देतो ती बाळंतपण दोन महिने पुढे ढकलायला नाही, साधारण ४८ तास मिळवायला. तेवढ्यात स्टेरॉइडचा असर होतो आणि गरज असेल तर मोठ्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या ठिकाणी हलवता येतं. ३२ आठवड्यांच्या आत बाळ येणार असंच दिसलं तर मॅग्नेशियमची सलाईन लावतात, बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी, ती सुरू झाली की अंगातून आग निघाल्यासारखं गरम वाटतं, घाबरू नकोस. पण घरी महिनोन् महिने पोट सैल करायच्या गोळ्या खात राहणं, याचा दिवस वाढवायला फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे अजून सर्रास लिहून देतात, मला ते पटत नाही. तुला चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार की ही कशासाठी आणि कधीपर्यंत.

दिवसभर झोपून राहायचं का? नाही. मला माहितीये घरात सगळे हेच म्हणणार, पाय खाली टेकवू नकोस, पाणीसुद्धा हातात देऊ. पण पूर्ण बेडरेस्टने लवकर बाळंतपण टळतं असा पुरावा नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, स्नायू ढिले पडतात, बद्धकोष्ठ होतं आणि डोकं फिरतं ते वेगळंच. घरात फिर, अंघोळ कर, बसून भाजी चीर, दुपारी दोन तास पड. बादली उचलू नकोस, गादी ओढू नकोस, पाच मजले चढू नकोस. टू-व्हीलर आता बंद, स्पीडब्रेकरने कळा येतात म्हणून नव्हे, पण वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये पडलीस तर उगाच नसतं झेंगट. संबंध सध्या नको, डॉक्टर म्हणतील तेव्हा. संडासला जोर लावला तर टाका तुटेल ही भीती बऱ्याच जणींना असते आणि विचारायची लाज वाटते. तसा तुटत नाही, पण कुंथायची वेळ येऊ नये म्हणून पाणी, फळं, लागलं तर रात्री इसबगोल. ऑफिसचं काम घरून बसून करता येत असेल आणि त्याने डोकं रमत असेल तर कर.

बार्शीला मात्र आत्ता जाऊ नकोस. सातव्यात माहेरी जायची पद्धत चांगली आहे, आईच्या हातचं खायला मिळतं, पण तुझी फाईल, तुझा टाका घातलेली डॉक्टर आणि लहान बाळांचा एनआयसीयू इथे आहे, आणि रस्ता चार-पाच तासांचा. बाळ जन्माला आल्यावर ॲम्ब्युलन्सने हलवण्यापेक्षा पोटात असताना हलवलेलं कधीही चांगलं. आईलाच इकडे बोलव ना. एका दगडात दोन पक्षी, तुझी सोबत आणि तिचा जीव थाऱ्यावर.

तुझं हॉस्पिटल डेक्कनला आणि घर वाघोलीत, यावर मात्र आज विचार कर, उद्या नको. रात्री दोनला पोहोचशील, पण संध्याकाळी सातला नगर रोड, येरवडा, संगमवाडी करत किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डॉक्टरांना सरळ विचार की खूप रक्त गेलं किंवा पाणी फुटून जोरात कळा सुरू झाल्या तर खराडी-विमाननगर बाजूला एनआयसीयू असलेलं कुठलं हॉस्पिटल चालेल, आणि तिथे एकदा दिवसा जाऊन नाव नोंदवून ठेवा. १०८ दोघांच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. मिस्टरांची नाईट शिफ्ट असेल तर शेजारी कोण गाडी काढणार ते आधीच बोलून ठेवा. तुझे दिवस गणपतीत येत असतील तर विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, डेक्कन सगळं बंद असतं आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या दोन दिवसांसाठी पलीकडे कुठे जायचं ते वेगळं ठरवा. हसू नकोस, अशी रात्र मी अडकलेल्या पेशंटशी फोनवर बोलत काढलेली आहे.

एनआयसीयूबद्दल विचारायला अपशकुन वाटतो बऱ्याच जणींना. विचार. किती आठवड्यांची, किती वजनाची बाळं ते घेतात, व्हेंटिलेटर आहे का, लहान बाळांचे डॉक्टर रात्री तिथेच असतात का, दिवसाचा खर्च साधारण किती, आईला आत किती वेळ बसू देतात. मिस्टरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का ते एचआरकडून लेखी घ्या, काही पॉलिस्यांमध्ये ९० दिवसांनंतर सुरू होतं आणि तेव्हा काही उपयोग नसतो. पैशाची ओढाताण असेल तर ससून आहे, सरकारी दवाखान्यात आई आणि आजारी नवजात बाळ दोघांचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतात.

आणि ते सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तुझ्या सासूबाईंनी किंवा शेजारच्या काकूंनी ऐकवलं नसेल तर ऐकवतील. साफ खोटं. प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा आहे, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा मोठं, जास्त तयार आणि जास्त सुरक्षित. पुण्यातल्या चांगल्या एनआयसीयूमध्ये आज २८ आठवड्यांची बहुतेक बाळं वाचतात, ३२ च्या पुढे तर चित्र खूपच बदलतं. काचेच्या पेटीत ठेवलं म्हणजे संपलं हा जुना काळ. आता बाळ जरा स्थिर झालं की आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवतात, कांगारू केअर, तासन् तास, आणि बाबालाही जमतं ते. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने १९८७ ते ८९ या काळातल्या दोन किलोच्या आतल्या बाळांचा १८ वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केलाय. काहींना गणित आणि लिखाण जड गेलं, हेही त्यात आहे आणि ते लपवायचं कारण नाही, पण एकूण मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेतच होता. तेही तेव्हाच्या सोयींवर.

राहिला तुझा जीव. २३वा आठवडा ओलांडला की भीती जाईल असं तुला वाटलं असेल, आणि ती गेली नाही. जात नाही. मागचं बाळ आणि हे बाळ एकाच पोटात वाढलंय, शरीर विसरत नाही. त्यामुळे "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणणाऱ्यांना हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं, तुझ्या विचाराने टाका घट्टही होत नाही आणि सैलही होत नाही. त्यापेक्षा भीतीला वेळ नेमून दे. दिवसभर पोटावर हात ठेवून बसलीस तर साधी हालचालही कळ वाटायला लागते. सकाळी एकदा आणि रात्री जेवल्यावर एकदा कुशीवर पडून बाळाचं फिरणं आणि पोट शांतपणे बघायचं, मधे स्वतःहून काही जाणवलं तरच. रात्री अकरानंतर गूगल बंद, हे मिस्टरांनी बघायचं. सासूबाईंना नुसतं काळजी करू नका म्हणून भागत नाही, त्यांना काम द्या, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, हॉस्पिटलची बॅग त्यांच्या ताब्यात. हाताला काम असलं की तोंडाला जरा विश्रांती मिळते.

पण झोपच येत नाहीये, रोज रडू येतंय, छातीत धडधडून जीव घाबरा होतोय, असं दोन आठवडे चाललं तर ते सांग. त्यालाही उपचार आहेत, समुपदेशन आहे, लागली तर गरोदरपणात चालतील अशी औषधंही आहेत. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

पुढचं साधारण असं. ३४ आठवडे झाले की कळा सुरू झाल्या तरी आम्ही त्या थांबवायच्या मागे लागत नाही. सगळं ठीक असेल तर ३६-३७ ला टाका काढतात, त्याच दिवशी बाळंत होशील असं नाही, कितीतरी जणी त्यानंतर दोन-दोन आठवडे पोट घेऊन फिरतात आणि मग उलट विचारतात, मॅडम आता का होत नाही.

आणि डोहाळजेवण कर. हॉल नको, दोनशे माणसं नकोत, तीन तास पाटावर बसणं नको. घरी, पाठीला टेकून बसायला खुर्ची, दहा-बारा माणसं, तासाभरात ओटी भरून आटपायचं. हिरवी साडी फार घट्ट नेसू नकोस आणि दर अर्ध्या तासाने उठून लघवीला जा, फोटो थांबतील. दृष्ट काढायची असेल तर आईला खुशाल काढू दे, मीठ-मोहऱ्यांनी टाक्याला काही होत नाही.